मासा सोडणे : क्रीडा-मासेमारी, महसीर संवर्धन आणि मुळा खोरे — एक विवेचन

सारांश

क्रीडा-मासेमारी हा पर्यटनाशी जोडला गेलेला जलक्रीडेचा एक प्रकार आहे. भाड्याच्या बोटीने खोल समुद्रात जाऊन मोठा मासा गळाला लावणे आणि तो पुन्हा पाण्यात सोडणे हे त्याचे आजचे सर्वपरिचित रूप होय. गोड्या पाण्यात हेच स्थान भारतीय उपखंडात महसीर माशाला लाभले. दख्खनी महसीरचे पहिले शास्त्रीय वर्णन पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशावरून झाले आणि त्याच्या कृत्रिम प्रजननाचे महत्त्वाचे कार्य लोणावळ्यास घडले. प्रस्तुत लेखात क्रीडा-मासेमारीतील ‘मासा सोडणे’ आणि संवर्धनातील ‘बीज सोडणे’ या दोन कृतींचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. मासा ज्या पाण्यातून घेतला त्याच पाण्यात सोडला तर संवर्धनास हातभार लागतो. परक्या खोऱ्यात सोडला तर चांगल्या हेतूनेही हानी होऊ शकते, हे कावेरी नदीच्या उदाहरणावरून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : क्रीडा-मासेमारी, महसीर, मुळा नदी, मत्स्यबीज, स्थानिक प्रजाती, कावेरी.

१. प्रस्तावना

मासेमारी हा मानवाच्या अतिप्राचीन उद्योगांपैकी एक आहे. उपजीविकेसाठी जाळे टाकणारा कोळी आणि विरंगुळ्यासाठी गळ टाकून तासन्‌तास बसणारा हौशी माणूस हे दोघेही मासाच धरतात. परंतु दोघांचा हेतू, साधने आणि माशाविषयीची दृष्टी भिन्न असते. पहिल्याचा हिशेब वजनावर आणि बाजारभावावर चालतो. दुसऱ्याला माशाच्या ताकदीशी झुंज हवी असते. या दुसऱ्या प्रकारास क्रीडा-मासेमारी असे म्हणतात.

विसाव्या शतकात या क्रीडेने पर्यटन व्यवसायाचे रूप धारण केले. पर्यटकाने बोट, तांडेल व साधने भाड्याने घ्यावीत, पहाटे किनारा सोडावा, खोल पाण्यात ट्यूना किंवा पाठीवर शिडासारखा पर असलेला सेलफिश गळाला लावावा आणि सायंकाळी परतावे, असा सागरी सहलीचा साचा जगभर रूढ झाला. भारतात अंदमान बेटे या सहलींसाठी विशेष प्रसिद्ध आहेत. या क्रीडेचे नियम व विक्रम यांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटना १९३९ मध्ये स्थापन झाली. कालांतराने मासा मारण्याऐवजी त्याचे छायाचित्र घेऊन त्याला जिवंत सोडून देणे हा शिष्टाचार मान्यता पावला.

खोल समुद्रात मात्र या शिष्टाचाराचा परिणाम पडताळून पाहणे कठीण असते. ट्यूनासारखे मासे हजारो किलोमीटर प्रवास करतात. आज सोडलेल्या माशाचे पुढे काय झाले याचा माग काढणे सोपे नाही. नदीचे तसे नाही. नदीचे खोरे मर्यादित असते, डोह ओळखीचे असतात आणि काठावरच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्यांची स्मृती असते. म्हणून क्रीडा-मासेमारीने मासा वाचतो की नाही, या प्रश्नाची परीक्षा नदीत अधिक स्पष्टपणे होते. या दृष्टीने मुळशी तालुक्यातील घोटावडे परिसर ज्या मुळा नदीच्या खोऱ्यात येतो, त्या खोऱ्याचे महत्त्व असाधारण आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) दख्खनी महसीरचा मुळा खोऱ्याशी असलेला शास्त्रीय व ऐतिहासिक संबंध स्पष्ट करणे.
२) क्रीडा-मासेमारीतील पकडून सोडण्याच्या पद्धतीचे स्वरूप व मर्यादा समजून घेणे.
३) मत्स्यबीज सोडण्याच्या उपक्रमाचे इष्ट व अनिष्ट परिणाम तपासणे.
४) स्थानिक महाविद्यालयांना करता येण्याजोग्या कार्याची दिशा सुचविणे.

३. महसीर आणि मुळा-मुठा

महसीर हा कार्प कुळातील, मोठ्या खवल्यांचा व जाड ओठांचा मासा आहे. वाहते, स्वच्छ व प्राणवायूने समृद्ध पाणी, खडकाळ तळ आणि खोल डोह ही त्याची गरज असते. त्याच्या जबड्यांना दात नसतात. घशातील बळकट दातांनी तो खेकडे, गोगलगाई आणि पाण्यात पडलेली उंबरासारखी फळे फोडून खातो. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो प्रवाहाच्या उलट दिशेने चढतो आणि वरच्या बाजूच्या गोट्यागोट्यांच्या तळावर अंडी घालतो. इतर मोठ्या कार्प माशांच्या तुलनेत त्याच्या अंड्यांची संख्या कमी असते आणि ती टप्प्याटप्प्याने घातली जातात. त्यामुळे त्याची संख्या एकदा घटली की ती लवकर भरून येत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकी माहिती जमविण्याच्या कामी नेमणूक केली. जमीन, लोकसंख्या व पिके यांबरोबरच त्यांनी दख्खनच्या पशुपक्ष्यांचा आणि माशांचाही अभ्यास केला. पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेतून मिळालेल्या माशावरून त्यांनी १८३९ मध्ये एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. हीच आज ‘टॉर खुद्री’ या शास्त्रीय नावाने ओळखली जाणारी दख्खनी महसीर होय. साइक्स यांच्या लेखनात नदीचे नाव ‘मोटा मोला’ असे आले आहे. इंग्रज अधिकाऱ्याच्या कानाने टिपलेली ही मुळा-मुठाच आहे.

साइक्स यांनी अनेक माशांना लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नाव म्हणून दिली. खुद्री, कोळस, फुलुंगी यांसारखी मराठी नावे त्यामुळे जगाच्या प्राणिशास्त्रात कायमची नोंदली गेली. नदीकाठच्या मासेमारांचे ज्ञान विद्यापीठीय ज्ञानात कसे उतरते, याचे हे उत्तम उदाहरण मानावे लागेल. तसेच एखाद्या जातीचे मूळ वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून झाले, ते ठिकाण वर्गीकरणशास्त्रात प्रमाण मानले जाते. जगात कोठेही दख्खनी महसीरच्या ओळखीविषयी शंका उपस्थित झाली तर अभ्यासकाला अखेर मुळा-मुठेकडेच वळावे लागते.

४. क्रीडामत्स्य म्हणून महसीर

ब्रिटिश अधिकाऱ्यांना महसीरमध्ये आपल्या देशातील सामन माशाचा प्रतिस्पर्धी दिसला. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि महसीरची कीर्ती शिकाऱ्यांच्या वर्तुळात पसरली. म्हैसूर परिसरातील काबिनी नदीत १९४६ मध्ये सुमारे १२० पौंडांचा, म्हणजे जवळपास ५४ किलो वजनाचा महसीर गळाने पकडल्याची नोंद आहे. मुंबईत १९३६ मध्ये गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी मंडळींची इलाखास्तरीय संघटना स्थापन झाली. पुढे महाराष्ट्र राज्याच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही संघटना पवई तलावाशी निगडित आहे.

आरंभी पकडलेला मासा मारून त्याचे वजन करणे व त्यासह छायाचित्र काढणे हीच रीत होती. मोठे मासे विरळ होऊ लागल्यावर ‘पकडा व सोडा’ हे तत्त्व पुढे आले. वरवर साध्या वाटणाऱ्या या तत्त्वामागे काटेकोर तंत्र आहे. गळाला उलटा काटा नसावा, म्हणजे तो माशाच्या जबड्याला फार इजा न करता निघतो. दोर पुरेसा मजबूत असावा, म्हणजे झुंज लांबत नाही. मासा कोरड्या हाताने धरू नये, कारण त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर हे जंतुसंसर्गापासूनचे संरक्षण असते. त्याला पाण्याबाहेर कमीत कमी काळ ठेवावे. आणि सोडताना प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतःच्या बळाने पोहू लागेपर्यंत आधार द्यावा.

कावेरीत महसीरवर झालेल्या अभ्यासांतून असे दिसते की, योग्य काळजी घेतल्यास सोडलेले बहुतेक मासे तगतात. मात्र झुंज जितकी लांबते तितका माशावरील ताण वाढतो. मोठ्या माशांची झुंज अधिक वेळ चालते, म्हणजे ज्या माशासाठी हौशी माणूस नदीवर येतो त्यालाच सर्वाधिक ताण सोसावा लागतो. उन्हाळ्यात पाणी तापून त्यातील प्राणवायू घटतो, तेव्हा हा धोका आणखी वाढतो. तात्पर्य, मासा सोडणे ही केवळ उदारता नसून ते एक कौशल्य आहे, आणि ऋतू व पाणी पाहूनच ते वापरावयाचे असते.

५. धरणे आणि चढणीचे मासे

मुळा खोऱ्यातील महसीरचा विचार मुळशी धरणास वगळून करता येत नाही. टाटा कंपनीच्या या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात झालेला मुळशी सत्याग्रह इतिहासात सुप्रसिद्ध आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि पूर्वेकडे भीमेला मिळणारे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील भिरा येथील वीजगृहाकडे वळले. विस्थापित माणसांचा प्रश्न या लढ्यामुळे इतिहासात नोंदला गेला. नदीत चढणाऱ्या माशांची वाटही त्याच भिंतीने अडली, ही गोष्ट मात्र फारशी बोलली गेली नाही.

मावळ-मुळशीत पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-नाल्यांतून आणि भातखाचरांतून वर चढणारे मासे ‘चढणीचे मासे’ म्हणून ओळखले जातात. कोठे त्यांना ‘वलगणीचे मासे’ असेही म्हणतात. त्यांची चव वाखाणली जाते, कारण ते अंड्यांनी भरलेले असतात. हीच त्यांच्या नाशाचीही वेळ असते. समुद्रात प्रजननकाळाचे भान राखून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी पाळली जात आली आहे. नदीच्या चढणीला असे प्रभावी संरक्षण क्वचितच लाभते. त्यातच सुरुंगाचा स्फोट करून वा पाण्यात विषारी पूड टाकून केलेली मासेमारी, वाळूउपसा, शहरी सांडपाणी आणि चिलापीसारख्या परक्या माशांचा प्रसार यांची भर पडली.

पुण्याच्या माशांची यादी ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केली होती. २००३ मध्ये पुण्यातील महाविद्यालयीन अभ्यासकांनी मुळा-मुठा व परिसरातील नद्यांचे पुन्हा सर्वेक्षण केले, तेव्हा जुन्या याद्यांतील काही स्थानिक जाती आढळेनाशा झाल्याचे आणि परक्या जाती वाढल्याचे दिसून आले. ही तुलना शक्य झाली, याचे कारण कोणीतरी साठ वर्षांपूर्वी यादी करून ठेवली होती.

६. लोणावळ्याचा प्रयोग

टाटा वीज कंपन्यांच्या जलाशयांत महसीर काही प्रमाणात टिकून होती. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळील वळवण येथील मत्स्यबीज केंद्रात तिच्या कृत्रिम प्रजननाचे कार्य सुरू झाले. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे यातील योगदान मोलाचे आहे. पक्व मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढणे, त्यांवर नराचे शुक्रद्रव्य मिसळणे आणि फलित अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवणे ही पद्धत तेथे यशस्वी झाली. साधारण तीन ते चार दिवसांत पिले बाहेर येतात. परंतु ती तळाशी निपचित पडून राहत असल्याने त्यांना दीर्घकाळ जपावे लागते. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठविण्याचे तंत्रही याच अभ्यासकांनी विकसित केले.

या तंत्राचे महत्त्व व्यावहारिक होते. पाण्याने भरलेल्या पिशव्यांतून जिवंत पिले नेणे जड व जोखमीचे असते. ओल्या कापसातील अंडी मात्र थोड्या जागेत विमानानेही जाऊ शकतात. परिणामी लोणावळ्याचे बीज अनेक राज्यांत पोहोचले. एका खाजगी वीज कंपनीने आपल्या जलाशयातील माशासाठी दशकानुदशके असा उपक्रम चालवावा, ही गोष्ट भारतातील मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात गौरवाने नोंदवावी अशीच आहे. दख्खनी महसीरला आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत एकेकाळी ‘संकटग्रस्त’ वर्गात स्थान होते. अलीकडच्या मूल्यांकनात ती ‘किमान चिंता’ या वर्गात आली आहे. मात्र वर्गबदल झाला म्हणून मुळा-मुठेच्या मूळ स्थळी ती पुन्हा नांदू लागली, असा त्याचा अर्थ नव्हे.

७. कावेरीचा धडा

लोणावळ्याच्या बीजाचा एक प्रवास कर्नाटकातील कावेरीपर्यंत झाला. तेथे क्रीडा-मासेमारीची शिबिरे चालत असत आणि देशोदेशीचे हौशी मासेमार येत. काठावरच्या पूर्वी चोरटी मासेमारी करणाऱ्या काही मंडळींना वाटाडे व रक्षक म्हणून काम मिळाले. नदीत महसीर वाढावी या सद्‌हेतूने बाहेरून आणलेले निळसर परांचे महसीर-बीज कावेरीत सोडण्यात आले. काही वर्षांनी गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढली. उपक्रम यशस्वी झाला असेच सर्वांना वाटले.

परंतु कावेरीची स्वतःची महसीर वेगळी होती. पाठीवर कुबड असलेली, नारिंगी परांची आणि ५० किलोंहून अधिक वाढणारी ही जात जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक होय. शिबिरांत येणारे हौशी मासेमार पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद वहीत करीत. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, निळ्या परांच्या माशांची संख्या वाढत असताना कुबडवाली महसीर झपाट्याने घटत गेली होती. शोकांतिका अशी की, एवढ्या प्रसिद्ध माशाला तोपर्यंत निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. २०१८ मध्ये ती ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच सुमारास तिची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात झाली.

या घसरणीस केवळ परके बीज कारणीभूत होते असे म्हणणे योग्य ठरणार नाही. धरणे, पाण्याचा उपसा, वाळूउपसा व विध्वंसक मासेमारी यांचाही त्यात वाटा आहे. तथापि एकूण संख्या वाढत असल्यामुळे मूळ जातीचा ऱ्हास झाकला गेला, हे नाकारता येत नाही. सगळ्यांनी ‘महसीर’ मोजली. ‘कोणती महसीर’ हे कोणी विचारले नाही.

याच सुमारास दुसरा प्रश्न उभा राहिला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अन्वयार्थानुसार संरक्षित क्षेत्रातील गळमासेमारी शिकारीत मोडते असे ठरल्याने कावेरीवरील शिबिरे २०१२ च्या सुमारास बंद झाली. कायद्याची भूमिका समजण्याजोगी होती. तथापि शिबिरांबरोबर रक्षकांचा रोजगार आणि माशांच्या नोंदीही थांबल्या. नियंत्रित क्रीडा-मासेमारी संवर्धनास उपकारक ठरू शकते, असा युक्तिवाद काही अभ्यासकांनी २०१३ मध्ये मांडला. दुसरीकडे, एखाद्या जिवाला केवळ मनोरंजनासाठी वेदना द्यावी काय, हा नैतिक आक्षेपही तितकाच गंभीर आहे.

८. देवाचा डोह : न पकडण्याची परंपरा

या वादात महाराष्ट्रातील एक जुनी परंपरा विचारात घेण्यासारखी आहे. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीजवळचे वाळण कोंड आणि पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे देवस्थानामुळे नदीचा डोह राखला गेला आहे. तेथे मासा धरणे निषिद्ध मानले जाते. भाविक माशांना खाद्य घालतात आणि मोठ्या महसीर काठापाशी येतात. पर्यटक तेथेही येतो, त्यालाही मोठा मासा पाहण्याचा आनंद मिळतो. फक्त मध्ये गळ नसतो. अशा डोहांना कायद्यापेक्षा गावाच्या श्रद्धेचा आधार अधिक असतो. परंतु वरच्या बाजूस धरण झाले किंवा पाणी दूषित झाले, तर श्रद्धा एकटी मासा वाचवू शकत नाही, ही या परंपरेची मर्यादा होय.

९. महाविद्यालयांचे कार्य

वरील विवेचनावरून मुळा खोऱ्यातील महाविद्यालयांना काही उपक्रम हाती घेता येतील.

१) प्राणिशास्त्र विभागाने घोटावडे, पौड व परिसरातील निश्चित डोह निवडून ऋतुनिहाय मत्स्यनोंद ठेवावी. फ्रेझर यांच्या यादीशी तुलना करता येईल अशी ही नोंद असावी.
२) हौशी गळमासेमारांकडून जात, लांबी, ठिकाण, दिनांक व छायाचित्र एवढी माहिती मिळवावी. कावेरीतील सत्य अशाच वह्यांतून उघडकीस आले.
३) मराठी विभागाने माशांची स्थानिक नावे, चढणीविषयीचे शब्द व नदीकाठची लोकस्मृती संकलित करावी. साइक्स यांच्या यादीतील कोणती नावे आज बोलली जातात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकेल.
४) अर्थशास्त्र व भूगोल विभागांनी जलाशय-पर्यटनातून स्थानिकांस मिळणारा रोजगार आणि नदीवर पडणारा भार यांचा हिशेब मांडावा.
५) २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावपातळीवर होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत ही माहिती समाविष्ट व्हावी, यासाठी ग्रामपंचायतीस साहाय्य करावे.
६) कोणत्याही जलाशयात उत्साहाने मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे व कोणत्या खोऱ्यातील आहे, याची तज्ज्ञांकडून खात्री करावी.

१०. निष्कर्ष

क्रीडा-मासेमारी स्वभावतः संवर्धक नाही किंवा विध्वंसकही नाही. भाड्याच्या बोटीने खोल समुद्रात जाणारा पर्यटक असो वा जलाशयाच्या काठी बसलेला हौशी माणूस असो, त्याने सोडलेला मासा तगणे हे त्याच्या तंत्रावर, ऋतूवर आणि पाण्याच्या प्रतीवर अवलंबून असते. बीज सोडणाऱ्या संस्थेची जबाबदारी याहून मोठी आहे. हौशी माणसाची चूक एका माशापुरती असते; परक्या बीजाची चूक संपूर्ण नदीवर परिणाम करते आणि ती मागे घेता येत नाही.

मुळा-मुठेने जगाला एका माशाची ओळख दिली आणि लोणावळ्याने त्याच्या रक्षणाची विद्या दिली. तीच विद्या कावेरीत पोहोचली, तेव्हा तिच्यासोबत त्या नदीच्या मूळ माशाचे ज्ञान गेले नाही. ही उणीव पैशाची नव्हती, श्रमांची नव्हती, सद्‌हेतूचीही नव्हती. ती नोंदींची आणि स्थानिक अभ्यासाची होती. ज्या नदीच्या नमुन्यावरून दख्खनी महसीर शास्त्रास ज्ञात झाली, त्या नदीच्या खोऱ्यात आज कोणते मासे उरले आहेत, हे नेमकेपणाने सांगणे हे या खोऱ्यातील शिक्षणसंस्थांचे पहिले कर्तव्य ठरते.